अ-१४० ची चिठ्ठी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वरच्या फळीवर एक मायक्रोस्कोप असतो आणि बाई तो वर्षातून दोनदाच खाली काढतात. मी त्याच जातीचा एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. फरक इतकाच की मला कपाटात बसायला कधी मिळालं नाही. अठ्ठावीस वर्षं मी टेबलावर उभा होतो. माझ्या उजव्या भिंगात बुरशीचं जाळं चढलं आहे. वरखाली करायची चकती इतकी सैल झाली आहे की कोणी हात काढला की मी आपोआप, हळूहळू, खाली बसतो. दमलेला माणूस भिंतीला टेकून बसतो ना, तसा.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मला लाकडी खोक्यात भरलं आणि रेल्वेने लखनौला धाडलं. तिथल्या एका संशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर मला उभं केलं. काम काय, तर समुद्राच्या तळाचा चिखल तपासायचा! लखनौपासून समुद्र हजारभर किलोमीटर दूर. पण समुद्र जिथे नाही तिथेही समुद्राचा अभ्यास करणारी माणसं असतात, आणि त्यांच्याकडे जहाजावरून आलेला चिखल असतो.

हा चिखल कसा काढतात ते सांगतो. धान्याचे व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, तुम्ही पाहिलं असेल. तशीच एक लांबलचक नळी जहाजावरून समुद्राच्या तळात खुपसतात. नळीत चिखलाचा लांब दांडा भरून येतो. त्याला कोअर म्हणतात. वरचा चिखल अलीकडचा, खालचा जुना. काही हजार वर्षं त्या दांड्यात एकावर एक झोपलेली असतात.

पण चिखल स्वतःचं वय सांगत नाही. ते सांगतात त्यातली कवचं. समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे अगदी बारीक जीव तरंगत असतात. ते मेले की त्यांची कवचं तळाशी पडतात. जिवंतपणी कवचात शिरलेला एक प्रकारचा कार्बन पुढे ठरावीक गतीने घटत जातो. किती उरला ते मोजलं की कवच किती वर्षांपूर्वीचं ते कळतं. हे मोजणारं यंत्र मोठं आणि दूरदेशी. माझ्याकडे त्याच्या आधीचं काम होतं. चिखल चाळणीवर धुऊन, वाळवून उरलेली पांढरी भुकटी काळ्या तबकात पसरून माझ्याखाली ठेवायची, आणि त्यातून एकाच जातीची कवचं कुंचल्याच्या टोकाने एकेक करून वेचायची. कवच साखरेच्या दाण्याहून लहान. एका तारखेसाठी अशी सात-आठशे लागत.

हे वेचण्याचं काम प्रतिमा परुळेकर करायच्या.

प्रतिमाताई देवगडच्या. नवरा रमाकांत रेल्वेत इंजिनियर, त्यांच्या बदलीबरोबर त्या लखनौला आल्या आणि तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत संसार मांडला. पुढे या संस्थेत तंत्रसहायक म्हणून लागल्या. पहिल्या दिवशी माझ्यात डोळे घालून त्यांनी तबक बराच वेळ इकडेतिकडे सरकवलं. मग शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आमच्याकडच्या किनाऱ्याची पुळण आहे हो ही. पण जवळून कधी बघितलीच नव्हती."

त्या कवचांना शास्त्रीय नावं होती. लांब, लॅटिन. ताईंना ती सगळी पाठ होती, पण एकटीने काम करताना त्या आपली नावं वापरत. चपट्या, कडा उठलेल्या त्या चकल्या. तीन गोळे एकमेकांना चिकटलेली ती बोरं. शेवटचा कप्पा पिशवीसारखा लोंबणाऱ्या त्या पिशवीवाल्या. "आज पिशवीवाल्या फार कमी आल्यात बाई," असं त्या मलाच सांगत असाव्यात, कारण खोलीत दुसरं कोणी नसे.

आणि काचेच्या सुया. एका जातीची पाण्यात तरंगणारी गोगलगाय असते, तिचं कवच सुईसारखं लांबट आणि काचेसारखं पारदर्शक. ते फार नाजूक. किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर ते टिकतं. खोल समुद्रात पडलं तर तिथल्या पाण्यात विरघळून जातं. म्हणून उथळ जागेच्या चिखलात काचेच्या सुया सापडतात, खोल जागेच्या चिखलात नाही. एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो, पुढे लागणार आहे.

डॉ. विश्वजित कोठावळे हे आमचे शास्त्रज्ञ. नाशिकचे, हुशार, मनाने चांगले, पण सतत घाईत. बारा वर्षांपूर्वी ते जहाजावरून दोन कोअर घेऊन आले. एक खोल समुद्रातला, त्याला 'अ' नाव दिलं. दुसरा किनाऱ्याजवळच्या उथळ भागातला, तो 'ब'. सरांना 'अ' महत्त्वाचा होता. त्याच्या सात तारखा करायच्या होत्या. 'ब' ची नुसती चाचणी म्हणून एकच, वरून एकशे चाळीस सेंटिमीटरवरची. 'अ' मध्येही एक नमुना नेमका एकशे चाळीसचाच होता.

मार्च महिना होता. ताई सकाळी नऊपासून माझ्यावर वाकलेल्या होत्या. डबा तसाच पडला होता. अडीचच्या सुमाराला सर दारात आले.

"ताई, झालं का? चारला पार्सल न्यायला माणूस येतोय."

"दोन थोडे थोडे राहिलेत सर. दोन्ही एकशे चाळीस."

"दोनच ना? मग होतील," असं म्हणून ते गेले.

झाले. पावणेचारला शेवटचं कवच वेचून झालं. टेबलावर शेजारी शेजारी दोन काचेच्या ताटल्या होत्या. प्रत्येकीत वेचलेल्या कवचांची एक बारीक कुपी आणि उरलेली कवचं ठेवलेली एक स्लाइड. एक ताटली 'अ' ची, एक 'ब' ची. चिठ्ठ्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. पार्सलचं खोकं ठेवायला जागा हवी म्हणून ताईंनी ताटल्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवल्या. डावीकडची उजवीकडे गेली, उजवीकडची डावीकडे. मग त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि चिकटवल्या.

त्या दिवशी कोणाची वाईट बातमी आली नव्हती. घरी कोणी आजारी नव्हतं. वीजही गेली नव्हती. ताई दमल्या होत्या, दुसरं काही नाही.

चिठ्ठ्या लावल्यावर नेहमीच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी दोन्ही स्लाइड एकदा माझ्याखालून सरकवल्या. 'अ-१४०' लिहिलेल्या स्लाइडवर मला तीन काचेच्या सुया दिसल्या. स्वच्छ, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या. खोल समुद्राची चिठ्ठी आणि उथळ समुद्राच्या सुया! ताईंचे डोळे माझ्या डोळ्यांना लागलेले होते. पण मित्रांनो, डोळे उघडे असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी स्लाइड काढली, डब्यात ठेवली आणि मान चोळत उठल्या. चारला माणूस आला आणि पार्सल गेलं.

तीन महिन्यांनी तारखा आल्या. 'अ' कोअरमध्ये एकशे ऐंशीवरचा चिखल अकरा हजार वर्षांचा निघाला आणि त्याच्या वरचा, एकशे चाळीसचा, सतरा हजारांचा. वरचा थर खालच्याहून जुना! सर धावतच खोलीत आले. त्यांनी 'अ-१४०' ची स्लाइड माझ्याखाली लावली आणि सुया बघून टेबलावर थाप मारली.

"ताई, हे बघा! खोल पाण्यात उथळ पाण्याच्या सुया. किनाऱ्याजवळचा उतारच्या उतार कोसळून खाली गेलाय. जुना चिखल नव्यावर जाऊन बसलाय."

ताईंनी पाहिलं. "खरंच की," म्हणाल्या. त्यांनाही आनंद झाला. 'ब' ची तारीख नऊ हजार आली होती. ती एकटीच असल्याने त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. 'ब' कोअर शीतगृहात गेला.

समुद्राखालची दरड या विषयावर सरांचा लेख एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यांना भाषणांची बोलावणी आली, बढती मिळाली. संस्थेच्या वार्षिक अहवालात माझाही फोटो छापला, शेजारी सर उभे. मला पुसून पुसून चकचकीत केलं होतं त्या दिवशी. परदेशातल्या दोन गटांनी त्या दरडीवर आपापले लेख रचले. ती दरड कुठेच कोसळली नव्हती हे फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. कौतुकाचा कंटाळा येतो हे मला तेव्हा कळलं.

वर्षं गेली. माझ्या भिंगात बुरशी शिरली, ताईंच्या चष्म्याचा नंबर वाढला. आम्ही दोघं जुने झालो.

मग अंतरा आली. अंतरा सबनीस, पीएच.डी. करायला. घर अलीगंजात, जन्म लखनौचाच. घरात आईवडील मराठी बोलत, ही हिंदीत उत्तर देई. ताईंना ती सगळ्यांसमोर मॅम म्हणायची आणि खोलीत दोघीच असल्या की मावशी. सरांनी तिला शीतगृहातला 'ब' कोअर दिला. ताईंनी तिला चिखल धुण्यापासून कुंचला धरण्यापर्यंत सगळं शिकवलं. पोरगी चिकाटीची होती.

पण तिच्या तारखा जमेनात. 'ब' मध्ये नव्वद सेंटिमीटरवर तिला बारा हजार वर्षं आली. त्याच्या खाली, एकशे चाळीसवर, जुनी तारीख होती नऊ हजार. पुन्हा वरचं जुनं, खालचं नवं! सर म्हणाले, नमुन्यात दुसरीकडची माती मिसळली असेल, परत धू. तिने परत केलं. बारा हजार. तिसऱ्यांदा केलं. बारा हजार. पाचवं वर्ष लागलं होतं आणि प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहत नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात एका दुपारी ती माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसली. स्कूटीचं हेल्मेट हातातच होतं.

"मावशी, मैं छोड़ रही हूँ."

ताई जुन्या स्लाइडची यादी करत होत्या. नोव्हेंबरात त्या निवृत्त होणार होत्या, सगळं मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काय सोडतेयस?"

"सब. सर को लगता है मुझे मिट्टी धोना भी नहीं आता."

"असं म्हणाले ते?"

"कहा नहीं. पर लगता तो है ना. तीन बार किया, यार. हर बार वही बारह हज़ार. अब तो मुझे खुद लगता है मुझसे ही कुछ गड़बड़ होती है."

"धुताना मी होते तुझ्याबरोबर. तुझं काही चुकलेलं नाही."

"तो फिर किसका चुकलं?" हिंदी बोलता बोलता ती अचानक मराठीत आली. अंतरा म्हणाली, महिनाअखेर पत्र देते, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी यादी बाजूला ठेवली आणि 'ब' च्या सगळ्या स्लाइड काढल्या. अंतराने केलेल्या, आणि ती एक जुनी. एकेक माझ्याखाली लावली. अंतराच्या प्रत्येक स्लाइडमध्ये काचेच्या सुया होत्या. जुन्या 'ब-१४०' मध्ये एकही नव्हती. ताईंनी ती फिरवून फिरवून पाहिली. मग 'अ' चा डबा उघडला. सात स्लाइड. सहांमध्ये एकही सुई नाही. 'अ-१४०' मध्ये तीन.

मी अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता, आणि मला तो नकोसा झाला. ताईंनी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवल्या. चष्मा काढून चिठ्ठ्या डोळ्यांजवळ नेल्या. अक्षर त्यांचंच होतं. खोलीबाहेर कोणी तरी "मॅडम, चाय?" म्हणून विचारून गेलं, त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी रमाकांतराव त्यांना न्यायला आले. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पाऊस असला की गाडी घेऊन येत. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग सांगायला हवं. पण प्रतिमा, तीन महिने राहिलेत. निवृत्त झाल्यावर सांग. निरोप तरी नीट होऊ दे तुझा."

"तोवर ती पोरगी निघून जाईल हो."

रमाकांतरावांनी उठून माझ्यावर कव्हर घातलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सरांना बोलावलं. "सर, पाच मिनिटं. बसून बघा." सरांनी 'अ-१४०' पाहिली आणि हसले. "ताई, ही तर आपली दरड! ह्या सुयांनीच तर नाव झालं आपलं."

"आता ही बघा." ताईंनी 'ब-१४०' लावली. "किनाऱ्याजवळचा कोअर आहे. अंतराच्या सगळ्या स्लाइडमध्ये सुया आहेत. ह्यात एकही नाही."

सर वाकले. माझी चकती सैल, चित्र सारखं धूसर होत होतं, आणि सर ते परत परत स्पष्ट करत होते.

"चिठ्ठ्या कोणी लावल्या होत्या?"

"मी."

"अकरा वर्षं ताई?"

"अकरा वर्षं. मला काल कळलं."

सर उभे राहिले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला समजतंय का तुम्ही काय म्हणताय? त्या लेखावर लोकांनी लेख लिहिलेत. माझं सगळं नाव त्याच्यावर आहे. लोकांना काय सांगू मी? चिठ्ठी चुकली म्हणून?"

"हो," ताई म्हणाल्या. "तसंच सांगावं लागेल."

सर दार आपटून गेले. ताईंनी दोन्ही स्लाइड डब्यात ठेवल्या आणि त्यांची नोंद यादीत केली.

नंतर आठ दिवस सर आमच्या खोलीत आले नाहीत. वाटेत भेटले तर मान वळवत. त्या आठ दिवसांत ताईंनी अंतराला बोलावून सांगितलं. आडपडदा न ठेवता, उभ्या उभ्या.

"तुझं काही चुकलं नव्हतं अंतरा. माझं चुकलं होतं. एकशे चाळीसची जुनी तारीख 'ब' ची नाहीच."

अंतरा भिंतीला टेकली. "मतलब मेरे बारह हज़ार सही थे?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं होतं ती ताईंच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा लाल झाला. "दो साल, मावशी. दो साल मैं रोज़ सोचती थी कि मैं ही बेवकूफ़ हूँ." मग ती म्हणाली, "मुझे बहुत ग़ुस्सा आ रहा है. आज मैं आपसे बात नहीं करूँगी."

"नको करूस," ताई म्हणाल्या. "पण पत्र देऊ नकोस."

तिने पत्र दिलं नाही.

नवव्या दिवशी सर आले. हातात शीतगृहातून आणलेल्या दोन पिशव्या होत्या, 'अ' आणि 'ब' कोअरचा एकशे चाळीसचा ताजा चिखल. दाढी वाढली होती.

"परत करायचं," ते म्हणाले. "पण या वेळी तुमचे हात नकोत, तिचेही नकोत. उद्या कोणी शंका घ्यायला नको. मीच वेचतो."

सरांनी वीस वर्षांत कुंचला हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी साठ कवचं वेचली आणि त्यातली अकरा टिचकी मारल्यासारखी उडवून हरवली. दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा लावून आले. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे पाझरायला लागले. ताई शेजारच्या टेबलावर यादी करत बसलेल्या असत. त्या मदत करू शकत नव्हत्या, आणि सरांनी मागितलीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी कुंचला ठेवला आणि माझ्यावर कोपर टेकून बसले.

"ताई, एका दिवसात जास्तीत जास्त किती तारखांचं वेचलंय तुम्ही?"

"दोन. तीन एकदा."

"जेवायला उठायचात?"

"जमेल तसं."

सरांनी मानेचा पट्टा सैल केला. "त्या दिवशी मी दारातून विचारून गेलो होतो ना? दोनच राहिलेत, होतील म्हणून."

ताईंनी यादीतली एक ओळ पुरी केली.

"पार्सल दुसऱ्या दिवशी गेलं असतं तरी चाललं असतं ताई," ते म्हणाले. "काही बिघडत नव्हतं. मला नुसती घाई होती."

"चिठ्ठी मीच लावली सर."

"हो. चिठ्ठी तुम्हीच लावली." त्यांनी पुन्हा माझ्यात डोळे घातले. आणखी पाच दिवस ते वेचत होते.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'अ' कोअर एकशे चाळीस, नऊ हजार वर्षं. 'ब' कोअर एकशे चाळीस, सतरा हजार. सगळे थर आपापल्या जागी शहाण्यासारखे एकाखाली एक होते. समुद्राच्या तळाशी काहीच कोसळलं नव्हतं.

कोसळलं ते वर. सरांनी नियतकालिकाला पत्र लिहून लेख मागे घेतला. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं लिहिलं. वेचणारीला एका दिवसात किती काम दिलं होतं तेही त्यांनी लिहिलं, कोणी विचारलं नसताना. एका मोठ्या प्रकल्पाच्या समितीतून त्यांचं नाव गळलं. एका परिषदेचं बोलावणं आलंच नाही. जिन्यात लोक त्यांना पाहून आवाज खाली आणत. परदेशातल्या दोन गटांपैकी एकाने आभाराचं पत्र धाडलं, दुसऱ्याने नुसतंच तिखट. सर ती दोन्ही पत्रं वाचून दाखवायला आमच्या खोलीत आले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "झोप मात्र बरी लागते आता." हसले नाहीत.

ताईंच्या निरोपाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शाल, नारळ, दोन भाषणं. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "प्रतिमाताईंनी इथे दोन लाखांच्या वर कवचं वेचली. त्यातली दोन ताटल्यांमधली इकडची तिकडे झाली, आणि ते त्यांनीच शोधून काढलं." एवढंच बोलून ते बसले. टाळ्या थोड्या उशिराने वाजल्या. हे मला अंतराने सांगितलं, म्हणजे ती खोलीत येऊन फोनवर आईला सांगत होती आणि मी ऐकलं. त्या दिवशी ती आईशी मराठीत बोलत होती. अडखळत.

तिचा राग पुष्कळ दिवस राहिला. मग ओसरला. ताई जायच्या आदल्या आठवड्यात तिने एक तबक माझ्याखाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, या पिशवीवाल्या आहेत ना? ज़रा देख लो." ताईंनी पाहिलं. "दोन बोरं मिसळलीत बघ. काढून टाक." दोघी बराच वेळ शेजारी बसून होत्या. अंतराचा प्रबंध आता लिहून होत आला आहे.

आणि मी? माझ्या जागी कॅमेरा लावलेलं नवं यंत्र आलं. ते पडद्यावर चित्र दाखवतं, कोणाला मान वाकवावी लागत नाही. चांगलं आहे. मला शेजारच्या खोलीत, बंद पडलेल्या ओव्हनपाशी ठेवलं आहे. धूळ बसते. कधी शाळेची मुलं संस्था बघायला येतात तेव्हा एखादं मूल माझ्यात डोळा घालून बघतं आणि काही दिसत नाही म्हणून पुढे जातं. मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षं पाहून पाहून मलाच आता काही बघावंसं वाटत नाही.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला तेल घाला, असा आग्रह मी धरणार नाही. माझं झालं. पण तुमच्या घरात, शाळेत, दुकानात कोणी तरी मान खाली घालून काम करत असेल. शिवणयंत्रावर, तव्यासमोर, पेपर तपासत, वहीत आकडे मांडत. त्यांचे डोळे उघडे असतील, पण त्यांना दिसेनासं झालं असेल. मला ते समजायचं, सांगता मात्र यायचं नाही. तुम्हाला सांगता येतं. त्यांच्याजवळ जा आणि विचारा, "दमलात का? जरा थांबता?" आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलू नका.